गोळीबंद पाकातलं सफरचंद

निकाहची कबुली झाली, दुआ मागून हात तोंडावरून फिरले, की मांडवात खारकांची ताटं फिरू लागतात. कुठे खारकांबरोबर बत्तासे असतात, कुठे खडीसाखर, कुठे बदाम. पूर्वी खारका उधळत असत आणि झेलायला पोरं मोठ्यांच्या पायांतून पुढे घुसत. आता बहुतेक ठिकाणी जाळीच्या कापडाच्या छोट्या पुरचुंड्या देतात. हिंदू लग्नघरातून निघताना हातात लाडू-चिवड्याची पुडी पडते. रीत वेगळी, मतलब एकच. लग्नघरातून माणूस रिकाम्या हाताने जाऊ नये.

ही रीत आपल्याच मुलखातली आहे असंही नाही. इटलीत लग्नाच्या पाहुण्याला साखरेचं पांढरं कवच चढवलेले बदाम देतात. मोजून पाच. आरोग्य, संपत्ती, सुख, संतती आणि दीर्घायुष्य अशा पाच शुभेच्छा त्या पाच दाण्यांत बांधलेल्या असतात. सुल्मोना नावाचं तिथलं एक गाव या बदामांसाठीच प्रसिद्ध आहे. इंग्लंडात लग्नाच्या फळांच्या केकचे तुकडे छोट्या डब्यांत भरून, येऊ न शकलेल्या आप्तांना टपालाने पाठवायची पद्धत होती.

आता ही यादी पुन्हा एकदा नजरेखालून घाला. खारीक, बत्तासा, खडीसाखर, चिवडा, बेसनाचा लाडू, साखरेतला बदाम, सुक्या मेव्याचा केक. यात ओलं असं काही नाही. सगळं कोरडं, आठवडाभर पिशवीत राहिलं तरी न बिघडणारं. जुन्या माणसांनी हे कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण लग्नाला माणसं लांबून येतात, बैलगाडीने, आगगाडीने परत जातात, आणि घरी राहिलेल्या आजीसाठी, नातवंडासाठी तो खाऊ राखून नेतात, हे त्यांना ठाऊक होतं. मला आज ज्या गोडाबद्दल बोलायचं आहे ते या यादीत बसत नाही. म्हणून तर त्याच्याबद्दल बोलायचं.

माझी भाची न्यू जर्सीत राहते. दोन वर्षांपूर्वी तिच्या मुलीचं लग्न ऑक्टोबर महिन्यात ठरलं आणि तिचा फोन आला. "मामू, खारका तर वाटणारच आहोत. पण मुलीचं म्हणणं, इथे हा सफरचंदांचा मोसम असतो, तर घरी केलेली कॅरमेलची सफरचंदंही पाहुण्यांना द्यावीत. मुमानींना विचारून सांगा ना, पाक गोळीबंद झाला हे नक्की कसं ओळखायचं?" मुमानी म्हणजे मामी, म्हणजे आमच्या घरच्या. मला गंमत वाटली. अमेरिकेतला पदार्थ, अमेरिकेतली सफरचंदं, आणि पाकाची शंका मात्र सात समुद्र ओलांडून आमच्या स्वयंपाकघरात. मी कविता लिहिणारा माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंतचं, रसायनशास्त्र शाळेतच सुटलेलं. पण त्या निमित्ताने या पदार्थाच्या मागे लागलो, आणि त्यात एवढं काही निघालं की ते सांगावंसं वाटलं.

पदार्थ दिसायला सोपा. आंबट-गोड, कडक सफरचंद घ्यायचं, देठाच्या जागी लाकडी काडी खोचायची, दूध-लोणी-साखरेच्या दाट तपकिरी पाकात ते बुडवून काढायचं आणि थंड होऊ द्यायचं. वरून हवं तर शेंगदाण्याचा कूट लावायचा. दात लागला की आधी मऊ, चिकट गोडवा आणि मग आतून आंबट रस. लहान मुलं काय, मोठी माणसंही त्याच्यापुढे हरतात.

याचा थोरला भाऊ म्हणजे लाल काचेच्या पाकातलं सफरचंद. त्याचं गाव योगायोगाने न्यू जर्सीतलंच, नेवार्क. तिथे विल्यम कोल्ब नावाचा मिठाईवाला होता. १९०८ साली त्याने दालचिनीच्या चवीची लाल मिठाई करताना काही सफरचंदं त्या पाकात बुडवली आणि शोभेसाठी दुकानाच्या काचेत मांडली. गिऱ्हाइकांनी मिठाई सोडून सफरचंदंच मागितली, अशी हकिकत सांगतात. इंग्लंडात असंच कडक पाकाचं सफरचंद ५ नोव्हेंबरच्या होळीच्या रात्री खातात. मऊ कॅरमेलचं सफरचंद त्यामानाने अलीकडचं. १९५०च्या दशकात क्राफ्ट कंपनीतल्या डॅन वॉकर नावाच्या माणसाने हॅलोविनच्या सणातून उरलेल्या कॅरमेलच्या वड्या वितळवून त्यात सफरचंदं बुडवली, ही त्याची जन्मकथा. उरलेल्या अन्नातून नवा पदार्थ काढणं हे आपल्याकडच्या बायकांना नवं नाही. फोडणीच्या पोळीचा शोध कुणी लावला, त्याचं नाव मात्र कुणी नोंदवून ठेवलं नाही.

आता पाकाकडे येऊ, कारण सगळी मेख तिथेच आहे.

साधं पाणी शंभर अंशांना उकळतं आणि कितीही आच दिली तरी शंभराच्या वर चढत नाही, वाफ होऊन जातं. पण त्यात साखर असली की गोष्ट बदलते. पाणी जसजसं उडून जातं तसतशी साखर दाट होते आणि उकळण्याचं तापमान वर सरकत जातं. म्हणजे पाकात घातलेलं थर्मामीटर वरवर उष्णता मोजत असलं तरी खरं तर ते आपल्याला सांगत असतं की पाकात पाणी किती उरलं. आपल्याकडे हे काम बोटं करतात. दोन बोटांत धरून ओढला तर एक तार, मग दोन तारा. थेंब गार पाण्याच्या वाटीत टाकला आणि बोटांनी गोळा करता आला, तर गोळीबंद. आणि त्याच पाण्यात पडल्या पडल्या कडक होऊन मोडला, ताटलीवर टाकला तर टण् वाजला, की चिक्कीचा पाक. तिकडची माणसं याच पायऱ्या आकड्यांनी ओळखतात. एकतारी शंभराच्या थोडा वर. मऊ गोळी ११२ ते ११६ अंश सेल्सिअस. घट्ट गोळी ११८ ते १२१. आणि चिक्कीसारखा कडक पाक दीडशेच्या आसपास. मऊ गोळीच्या वेळी पाकात साखर साधारण ८५ टक्के असते, घट्ट गोळीला ८७ टक्के, आणि कडक पाकात ९९ टक्के. मऊ आणि घट्ट यांच्यात फरक अवघा दोन टक्क्यांचा. पण सफरचंदावर कॅरमेल टिकणार की ओघळून ताटात डबकं होणार, हे त्या दोन टक्क्यांवर ठरतं.

सफरचंदासाठी हवा तो ११८ अंशांचा टप्पा. ११३-११४ ला उतरवलं तर कॅरमेल रात्रभर हळूहळू घसरत राहतं आणि सकाळी सफरचंद वरून उघडं पडतं. १२२च्या पुढे गेलं तर म्हाताऱ्या माणसाच्या कवळीची खैर नाही. भाचीला घरून निरोप गेला तो असा: "वाटीत गार पाणी घे, थेंब टाक, गोळी उचल. गोळी बोटांत धरल्यावर आकार सोडत नसेल, पण दाबल्यावर दबत असेल, तर पातेलं उतरव." मागाहून तिने थर्मामीटरही आणलं आणि दोन्ही पडताळून पाहिले. बोटांचा निकाल आणि काचेतल्या पाऱ्याचा निकाल यांत फरक अर्ध्या अंशाचा निघाला.

थर्मामीटर वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. ते आधी नुसत्या उकळत्या पाण्यात धरून पाहावं. समुद्रसपाटीला शंभर दाखवेल. पण उंचीवर दर तीनशे मीटरमागे साधारण एक अंश कमी होतो. पुण्यात पाणी ९८च्या आसपासच उकळतं, तेव्हा पुण्यात पाकाचा आकडाही तेवढाच खाली धरायचा, म्हणजे ११६. वाटीतल्या पाण्याला मात्र मुंबई काय नि महाबळेश्वर काय, सारखंच. बोटांच्या परीक्षेचा हा मोठा फायदा.

या पाकाचा रंग कशाने येतो, हीही जाणून घेण्यासारखी गोष्ट आहे. नुसती साखर तापवली तर ती तपकिरी व्हायला १६० अंशांच्या पुढे जावं लागतं. मग इथे ११८लाच रंग कसा चढतो? तो येतो दुधामुळे. दुधातली प्रथिनं आणि साखर एकत्र तापली की त्यांच्यात एक वेगळीच क्रिया होते, रंग गडद होतो आणि खरपूस वास सुटतो. लुई-कामी मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली ती मांडली म्हणून तिला त्याचं नाव मिळालं. साताऱ्याचा कंदी पेढा ज्यांनी खाल्ला आहे त्यांना तो वास परका नाही. खवा परतून परतून जो बदामी होतो तो याच क्रियेने.

आता प्रत्यक्ष कृती. बारा ते चौदा लहान सफरचंदांना पुरेल इतकं प्रमाण देतो: बिनमिठाचं लोणी सव्वादोनशे ग्रॅम, तपकिरी साखर चारशे ग्रॅम, लिक्विड ग्लुकोज सव्वातीनशे ग्रॅम, कंडेन्स्ड मिल्कचा चारशे ग्रॅमच्या आसपासचा एक डबा, आणि अर्धा चमचा मीठ. तपकिरी साखर नसेल तर पांढरी चालते, रंग थोडा फिका येतो. गूळ घालायचा मोह होईल, तो आवरावा. गुळाने दूध फाटतं हे गुळाची खीर करणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

लिक्विड ग्लुकोज कशाला, असं विचाराल. अमेरिकेत त्या जागी मक्याचं सिरप घालतात. साखरेची एक खोड आहे. ती विरघळली तरी तिला परत खडा व्हायचं असतं. पातेल्याच्या कडेला एक कण चिकटून राहिला तरी त्याच्याभोवती बाकीची साखर गोळा होते आणि सगळा पाक रवाळ होतो. पाक साखरला, म्हणतो आपण. ग्लुकोजचे कण मध्ये आले की साखरेच्या कणांना एकमेकांचा हात धरता येत नाही. हलवाई पाकात लिंबू पिळतो तेही याचसाठी. आंबटाने काही साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. पण इथे दूध आहे, तेव्हा लिंबू नको.

पातेलं जाड बुडाचं आणि मोठं घ्यावं, मिश्रणाच्या तिप्पट तरी. ते उकळताना फुगून वर येतं. लोणी वितळवून त्यात बाकी सगळं घालायचं आणि मंद ते मध्यम आचेवर सतत हलवत राहायचं, बुडाशी खरवडत. अर्धा तास लागतो, कधी थोडा जास्त. घाई करून आच वाढवली की दूध बुडाला लागतं आणि काळे कण वर येतात. हा काळ फोन घेण्याचा किंवा दारावर आलेल्या माणसाशी बोलण्याचा नाही. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. ११८ अंशांचा पाक हातावर पडला तर उकळत्या पाण्यासारखा ओघळून जात नाही, कातडीला चिकटून बसतो आणि भाजत राहतो. लग्नघरात मुलं इकडून तिकडे पळत असतात. पाक शेगडीवर असेपर्यंत स्वयंपाकघराचं दार त्यांच्यासाठी बंद. शेजारी गार पाण्याचं भांडं भरून ठेवलेलं असावं.

सफरचंदं ग्रॅनी स्मिथ जातीची, हिरवी, आंबट. ही जात ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ मारिया ॲन स्मिथ नावाच्या बाईंच्या बागेत १८६८च्या सुमाराला सापडली, आणि ग्रॅनी म्हणजे आजी, तर जगभर त्या आजीबाईंच्या नावानेच विकली जाते. कॅरमेल इतकं गोड असतं की आत आंबटच हवं. गोड, भुसभुशीत सफरचंद घेतलंत तर दोन घासांत तोंडाला मिठी बसेल. आकार लहान, मुठीत मावेल एवढा. मोठं सफरचंद काडीवर पेलत नाही आणि पाहुणाही ते संपवत नाही.

बाजारातलं सफरचंद चकाकतं ते मेणामुळे. त्या मेणावर कॅरमेल धरत नाही, घसरतं. म्हणून सफरचंद आधी गरम पाण्यात पाच-सात सेकंद बुडवून खरबरीत फडक्याने खसाखसा पुसायचं, चमक जाईपर्यंत. या चकाकीसाठी दोन गोष्टी जास्त वापरतात. एक ब्राझीलमधल्या ताडाच्या जातीच्या झाडाचं मेण, आणि दुसरी लाख. होय, तीच लाख, जिच्या बांगड्या नवरीच्या हातात घालतात. झारखंड, छत्तीसगडच्या जंगलात किड्यांनी झाडाच्या फांदीवर जमवलेली लाख शुद्ध होऊन परदेशी जाते आणि तिथल्या सफरचंदाला चमकवते. आपण ती पुसून काढायची आणि मग वर कॅरमेल चढवायचं.

पुसल्यावर सफरचंदं पूर्ण कोरडी होऊ द्यावीत आणि खोलीच्या तापमानाला आणावीत. फ्रिजमधून काढलेल्या गार सफरचंदावर दव धरतं आणि कॅरमेलला खालून बुडबुडे येतात. कॅरमेल शेगडीवरून उतरवल्यावर नव्वद अंशांपर्यंत निवू द्यायचं, म्हणजे ते दाट होतं. मग काडी धरून सफरचंद बुडवायचं, गोल फिरवायचं, वर काढून जादा पाक गळू द्यायचा, खालचा तळ पातेल्याच्या काठावर निपटायचा आणि लोण्याचा हात फिरवलेल्या बटर पेपरवर ठेवायचं. वरून काही लावायचं असेल तर एक मिनिटाच्या आत. भाचीच्या मुलीला वर मार्शमेलोचे तुकडे हवे होते. त्यात जिलेटिन असतं आणि ते बहुधा डुकराचं किंवा निकाहात न चालणारं, म्हणून डब्यावरचं लेबल वाचून तो बेत बदलला. शेंगदाणेही गळले, कारण पाहुण्यांत ज्यांना शेंगदाण्याने जिवावर बेततं अशी दोन मुलं होती. शेवटी भाजलेल्या तिळावर सगळ्यांचं एकमत झालं. ऑक्टोबरात संक्रांत.

इथपर्यंत सगळं गोड. आता काडीबद्दल बोलतो.

२०१४च्या ऑक्टोबरपासून अमेरिकेत काही माणसं लिस्टेरिया नावाच्या जंतूने आजारी पडू लागली. हा जंतू तिकडे मांस, चीज अशा पदार्थांत सापडतो. पण या रुग्णांना विचारताना एक अनपेक्षित उत्तर पुन्हा पुन्हा येऊ लागलं. पाकिटात मिळणारं कॅरमेलचं सफरचंद. डिसेंबरात सरकारी आरोग्य यंत्रणेने जाहीर इशारा दिला. साथ संपली तेव्हा बारा राज्यांत मिळून ३५ माणसं आजारी पडली होती, त्यांतली ३४ रुग्णालयात होती. सात जण दगावले आणि त्यांतल्या निदान तिघांच्या मृत्यूला हा आजार कारणीभूत धरला गेला. अकरा रुग्णांचा संबंध गरोदरपणाशी होता आणि एका आईचं बाळ पोटातच गेलं. बनवणारे वेगवेगळे होते, पण सफरचंदं एकाच ठिकाणी धुऊन भरलेली होती, असं तपासात आढळलं.

तज्ज्ञही बुचकळ्यात पडले, कारण हिशेब जुळत नव्हता. सफरचंद आंबट आहे. आंबटात हा जंतू वाढत नाही. कॅरमेलमध्ये पाणी आहे, पण साखरेने ते इतकं घट्ट बांधून ठेवलेलं असतं की जंतूला त्यातला थेंबही मिळत नाही. मुरांबा वर्षभर टिकतो तो याच न्यायाने. दोन सुरक्षित गोष्टी एकत्र केल्या तर तिसरी असुरक्षित कशी झाली?

उत्तर विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली दिलं. त्यांनी सफरचंदांवर मुद्दाम जंतू सोडले, ती कॅरमेलमध्ये बुडवली, काहींना काडी खोचली, काहींना नाही, आणि काही खोलीत, काही फ्रिजमध्ये ठेवली. काडी खोचलेल्या आणि पंचवीस अंशांच्या खोलीत ठेवलेल्या सफरचंदांवर जंतू तीन दिवसांत हजारपट झाले. काडी नसलेल्यांवर वाढ पुष्कळ सावकाश. काडीसकट फ्रिजमध्ये ठेवलेल्यांवर पहिला आठवडा वाढ नाही, पुढे मात्र सुरू. काडी नाही आणि फ्रिजमध्ये, तर चार आठवडे काही नाही. म्हणजे गुन्हेगार ती काडी. काडीच्या भोकातून सफरचंदाचा रस झिरपतो आणि साल व कॅरमेल यांच्यामध्ये पातळ थर धरून साठतो. तिथे आंबटपणाही कमी आणि साखरेचा पहाराही ढिला. दोन पक्क्या भिंतींच्या मध्ये एक ओली फट, आणि त्या फटीत जंतूचं बिऱ्हाड. गरम कॅरमेलमध्ये जंतू मरत नाहीत का, असं तुम्ही म्हणाल. पुष्कळ मरतात, पण सगळे नाहीत.

त्या साथीचा ठपका घरी केलेल्या सफरचंदांवर नव्हता, हे स्पष्ट सांगायला हवं. ती दुकानातली, पाकिटबंद आणि बरेच दिवस ठेवलेली होती. पण घरच्या काडीनेही भोक पडतंच. आणि लग्नात कोण असतं? आठव्या महिन्यातली मावसबहीण असते, पंचाहत्तरीचे चुलते असतात, कर्करोगाचे उपचार घेऊन उठलेली शेजारीण असते. निरोगी माणसाला या जंतूचा सहसा फारसा त्रास होत नाही. तो नेमका अशाच माणसांना गाठतो, आणि त्याची लक्षणं दिसायला कधी कधी आठवडे लागतात. लग्न विसरून गेल्यावर दुखणं आलं तर कुणाला सफरचंद आठवणार?

मी हे भाचीला सांगितलं तेव्हा ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "मामू, मग रद्द करू का?" मी म्हटलं, "रद्द कशाला, बेटा? फक्त याला खारकेसारखं वागवू नकोस. हे दुधासारखं नाशवंत आहे असं समज."

तिने मग सगळा बेत त्या हिशेबाने आखला. पाहुणे दीडशे, पण माणशी एक न देता घरटी एक द्यायचं ठरलं. साठ सफरचंदं, म्हणजे पाच घाण. एका घाण्याला सगळं धरून पाऊण तास. सफरचंदं धुणं, पुसणं आदल्या दोन दिवसांत, पण काडी खोचून बुडवणं लग्नाच्या आदल्या दुपारीच. कॅरमेल बसल्याबरोबर सगळी फ्रिजमध्ये, चार अंशांच्या आसपास. एका परातीत बारा बसतात, पाच पराती घरच्या फ्रिजमध्ये मावेनात, म्हणून शेजारच्या गुजराती कुटुंबाने आपल्या फ्रिजचे दोन कप्पे रिकामे करून दिले. मार लागलेलं, चीर गेलेलं एकही सफरचंद घ्यायचं नाही, आणि काड्या हाताळणाऱ्याने आधी हात साबणाने धुवायचे, हे नियम मुलीच्या मैत्रिणींनाही लागू झाले.

सेलोफेनच्या पिशव्या सफरचंदं पूर्ण गार झाल्यावरच बांधायच्या, नाहीतर आत वाफ धरते. फ्रिजमधून ती वाटायच्या वेळेआधी फार तर तासभर काढायची. त्याहून आधी काढली तर पाणी सुटून कॅरमेल चिकट होतं. साखर हवेतलं पाणी ओढते. त्यामुळे आपल्याकडे हे कुणाला करायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली कोरडी हवा बघावी. जूनमध्ये रत्नागिरीच्या मांडवात हे सफरचंद अर्ध्या तासात काडी सोडून बसेल.

प्रत्येक पिशवीला एक चिठ्ठी होती, इंग्रजीत आणि मराठीत. "यात दूध, लोणी, तीळ आहेत. आजच खा. उद्यावर ठेवायचं असेल तर फ्रिजमध्ये ठेवा." खाली नवरा-नवरीची नावं. गरोदर बायकांना आणि म्हाताऱ्या माणसांना भाची स्वतः जाऊन खारकेची पुरचुंडी दोन-दोन देत होती, असं मागून कळलं.

सफरचंदं बुडवून झाली की पातेल्याच्या तळाशी कॅरमेल उरतंच. ज्या पातेल्यात सफरचंदं बुडवली तिथलं उरलेलं ठेवू नये, त्यात रस उतरलेला असतो. भाचीने शेवटचा घाणा वेगळाच केला, त्यात एकही सफरचंद बुडवलं नाही. तो दोन अंश पुढे नेऊन तूप लावलेल्या ताटात ओतला, सुरीने वड्या पाडल्या आणि एकेक वडी मेणकागदात गुंडाळली. त्यात ओलं फळ नाही, त्यामुळे त्या दोन-तीन आठवडे बाहेर टिकतात. त्यांतला एक डबा परत येणाऱ्या नातेवाइकांबरोबर आमच्याकडे आला. वड्या थोड्या कडक होत्या. घरच्यांनी एक तोंडात टाकली, दाढेखाली दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "गोळी जरा पुढे गेली हिची."